कागदाखालची ओल

विहिरीवरच्या मोटारीच्या बटणावर बोट टेकलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

“नगं दाबू.”

निकिता वळली. कडेवर तिच्या लेकीला, शिवांजलीला घेऊन सासूबाई दगडाबाई बांधावर उभ्या होत्या.

“आत्या, बघा की. या बाजूची मिरची मान टाकायलीय.”

“दिसतंय. डोळं हायत मला.”

विहिरीच्या तळाला एका पाळीपुरतं पाणी होतं. आज दिलं की आठ दिवस ठणठणाट, आणि मिरचीचा तोडा तर अजून लांब. मिरचीच्या बेडांवर, म्हणजे उंच वाफ्यांवर, मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरायचा हट्ट निकिताचाच. निम्म्या पाण्यात भागतं, असं तिनं अख्ख्या घराला पटवलं होतं. पण कागदाखालचं काही दिसत नव्हतं. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी दिवसातून चारदा बोट धरणारी ती; या झाडांचा श्वास कसा बघणार?

“त्या दुसऱ्या बेडात हात घाल,” दगडाबाई म्हणाल्या.

रोपाच्या भोकातून तिनं हात घातला. माती गार होती. मूठ आवळली तर लाडू वळला.

“आता ह्या पयल्या बेडात.”

इथली माती बोटांतून पिठासारखी गळाली. निकितानं वाकून पाहिलं. कागदावर रोपारोपांच्या मधे विळ्यानं मारलेल्या चिरा होत्या, धावदोऱ्यासारख्या सरळ.

“हे कुणी केलं?”

दगडाबाईंनी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“म्या. परवा तू हिला डोस द्यायला गेल्तीस तवा. झाडं गुदमरत आसतील वाटलं, जीव ऱ्हाईना. आज सकाळी हात घालून बघितलं, तर हितंच वल न्हाय.”

 निकिता पुढच्या बेडांकडं गेली. तिसरा बेड, चौथा, पार नववा. प्रत्येक मुठीत लाडू. ती बांधावर मटकन बसली.

“एकाच बेडावर कशा थांबलात?”

“तुझी गाडी वाजली की. शिकल्याल्या सुनंचं भ्या वाटतं बाई.”

निकिताला हसू फुटलं. “मोटार राहू द्या. या बेडाला बादलीनं घालू. चिरा मी मातीनं बुजवते.”

दगडाबाईंनी लेकरू तिच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि ओंजळभर माती घेऊन पहिल्या चिरेपाशी बसल्या.

“तू बस,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “म्या फाडलंय.”