सहाव्या महिन्यातला ग्लास

“मावशी, हे तिसऱ्या महिन्यात झालंय की माझं! कागद बघा, साखर नॉर्मल आहे. मग परत कशाला हे गोडमिट्ट पाणी?”

पोरीने ग्लास टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली. सहावा महिना सरत आला होता. दोन तास बाकावर बसून राहायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

रक्त तपासणाऱ्या बाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. प्रसूती विभागाच्या या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांची तेहेतीस वर्षं गेली होती. सगळे त्यांना साखरमावशी म्हणत. नाव गोड आणि जीभ तिखट, असं नर्सचं म्हणणं.

“बस खाली. तो कागद जुना झाला. तेव्हा साखर नव्हती म्हणून आता नसेल, असं कुणी सांगितलं तुला? बाळाला पोसणारी पोटातली वार मोठी व्हायला लागली की साखर बेलगाम होते, ती याच दिवसांत. चोविसावा ते अठ्ठाविसावा आठवडा, तेव्हा पुन्हा बघायचीच. घरात कुणाला आहे?”

“आईला.”

“मग तर हलूच नकोस. पी.”

पोरीने नाक चिमटीत धरलं आणि डोळे मिटून ग्लास रिकामा केला. मावशींना हसू आलं आणि आलं तसं विरलं. धाकटीही अशीच नाक धरून प्यायली होती.

धाकटी म्हणजे त्यांची पाठची बहीण. पहिलटकरीण म्हणून माहेरी आलेली. मावशी तेव्हा नोकरीत नव्या होत्या. तिसऱ्या महिन्यात त्यांनीच तिचं रक्त तपासलं आणि घरभर ओरडत सांगितलं, “साखर एकदम झकास!” मग कुणाला कसली काळजी? दोघी एका पांघरुणात झोपायच्या, बाळासाठी नावं शोधायच्या, एकेका नावावर पोट दुखेपर्यंत हसायच्या. धाकटीला सारखी तहान लागायची. “दोघांची तहान आहे ताई,” म्हणत ती तांब्याच तोंडाला लावायची. पोट तर असं वाढलं, की शेजारणी म्हणायच्या, “पैलवान येतोय!” आणि सगळं घर फुलून जायचं.

नववा लागला आणि एका सकाळी बाळ हललं नाही.

मुलगा होता. गुबगुबीत गालांचा, भरल्या अंगाचा, नुसता झोपल्यासारखा. मग धाकटीचं रक्त तपासलं, तेव्हा साखर भलतीच चढलेली निघाली. “मधल्या महिन्यांत वाढली असणार,” डॉक्टर म्हणाले. पुन्हा तपासायचा तेव्हा तिथे रिवाजच नव्हता. मावशींना कुणी बोल लावला नाही. धाकटीने फक्त एकदा, भिंतीकडे तोंड करून विचारलं,

“ताई, तू बघितली होतीस ना?”

बघितली होती. आकडाही खरा होता. पण त्या आकड्यावर विसंबून सगळे गाफील राहिले, त्याही राहिल्या. धाकटीला पुढे मूल झालं नाही.

दोन तास झाले. मावशींनी पोरीचं रक्त घेतलं, यंत्राला लावलं आणि आकडा दोनदा वाचला. एकशे चाळीसच्या आत हवी ती साखर एकशे अडुसष्ट होती.

पोरीने तिथेच डोळ्यांना पदर लावला. “माझ्या बाळाला काही होणार नाही ना?”

“अगं वेडे, रडतेस काय? चोर उंबऱ्यावरच सापडलाय.” मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “डॉक्टर सांगतील तसं खा, रोज चाल, साखर तपासत राहा. बऱ्याच जणींचं एवढ्यावरच भागतं. नाहीच भागलं तर औषध आहे. चल, मीच येते तुझ्याबरोबर आत.”

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी पोरगी तपासणीला यायची आणि मावशींच्या दारात डोकावून आकडा सांगून जायची. आकडा खाली आला, तसा तिचा चेहरा वर आला.

तीन महिन्यांनी, कामावरून घरी आल्यावर मावशींनी परगावी धाकटीला फोन लावला.

“ती एकशे अडुसष्टवाली बाळंत झाली गं. मुलगी. तीन किलोला जराशी कमी. जन्मल्या जन्मल्या दवाखाना डोक्यावर घेतला तिने.”

“रडली ना?” धाकटीने विचारलं.

“चांगली भोकाड पसरून.”

“बरं झालं ताई.”

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला, भांडी एकेक करून विसळली जाऊ लागली. मावशी फोन कानाला लावून ते ऐकत बसल्या.