खाडीतल्या साहेबाला गाऱ्हाणं

"अवो, ती माचीस आधी माझ्याकडे द्या!" म्हणत सावित्रीने नवऱ्याच्या खिशात हात घातलाच. लवूच्या दोन्ही हातांत वडे-सागोतीचं पान होतं, त्यामुळे बिचाऱ्याला काही करता येईना.

मिठबावच्या खाडीत, चिखलात महायुद्धातलं एक विमान रुतलेलं होतं. त्यातल्या मेलेल्या गोऱ्या वैमानिकाला लवूच्या बापाने काठावर पुरलं होतं. परका माणूस, त्याचं इथे कोण आहे, म्हणून वर्षातून एकदा बाप त्याला गावाच्या राखणदार देवासारखं नैवेद्य दाखवून गाऱ्हाणं घालू लागला. वर पेटती विडी. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या लवूने ही रीत बापापेक्षा जास्त मनापासून पाळली. गिऱ्हाइकाला एक विडी देताना त्याचा जीव जाई, या गोऱ्या साहेबाला मात्र आख्खं बंडल.

यंदा पत्रा कुजून विमानाची टाकी गळायला लागली. पाण्यावर रंगीत तवंग आला, पेट्रोलच्या वासाने पोरांची डोकी दुखू लागली. सरकारी पथक आलं. आज टाकी उपसायची आणि मग विमान कापून न्यायचं. म्हणजे विमानासमोरचं हे शेवटचं गाऱ्हाणं, आणि नेमकी आजच विडी पेटवायची नाही. लवूचं तोंड पार उतरलं होतं.

"काका, आम्ही बांधलेल्या या दोरीपर्यंतच. आणि ठिणगी नको," पथकाची प्रमुख किशोरी म्हणाली. पोरगी इथल्याच जामसंड्याची, पण कामावर अगदी पुस्तकी मराठी.

"साहेब वाट बघता गो. तेका विडी लागता."

"टाकी उडाली तर तुम्हीच साहेबाकडे जाल."

"माका चलात. पण तू पण माझ्या वांगडा येशीत, तां माका नको."

लवूने दोरीपाशी पान मांडलं, त्यावर न पेटवलेली विडी ठेवली आणि हात जोडले.

"बा साहेबा, म्हाराजा! आज विडी थंड आसा, रागाव नको. तू लांबसून इलंस, तुका परत घराक जावक गावला नाय. आता ह्यां तुझा विमान न्हेतत. तू मात्र हयच रव. तुझी माणसा खंयव आसतीत, थंय तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा' असा होकार लागतो, नाहीतर ते पोचत नाही. पण आज सावित्रीसकट सगळा गाव पार रस्त्यापर्यंत मागे हटवलेला. लवू थांबला. त्याने मागे वळून पाहिलं.

किशोरीने तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.

लवूने डोळे पुसले आणि पथकातल्या माणसांना हातानेच खूण केली, आता करा सुरू.