काळाच्या ओघात बुजलेला तलाव

शहरे पाण्याच्या काठी जन्माला येतात आणि त्या पाण्याला कधी अंतर देत नाहीत. निदान फलकांवर तरी असे लिहायची पद्धत आहे.

पाणीखात्याच्या माहिती अधिकाऱ्यांनीही ती पाळली होती. शहराच्या मधोमध असलेला जुना तलाव गाळ उपसून पुन्हा भरला होता, काठाने फिरायला वाट केली होती, बाके टाकली होती. आता उद्घाटनाला इतिहासाचा फलक हवा होता. मोठ्या साहेबांना मजकूर आवडला तर अधिकाऱ्यांची रखडलेली बढती मार्गी लागणार होती.

जेवताना त्यांनी तो आईला वाचून दाखवला. "एके काळी सारे शहर याच तलावाचे पाणी पीत असे. पुढे दूरच्या धरणाचे पाणी नळाने घरोघर आले आणि काळाच्या ओघात तलाव बुजला."

"हा काळ राहायला कुठे होता रे?" आईने विचारले.

"म्हणजे?"

"नाही, आपल्या मागच्या गॅलरीतून रोज तलावात कचऱ्याची बादली तोच ओतायचा ना? मला आपलं वाटायचं, तू आहेस."

"अगं आई, सगळेच ओतायचे."

"तेच म्हणतेय. मी पोहायला शिकले त्या पाण्यात. नळ आला आणि घराघराने तलावाकडे पाठ फिरवली. जुनी गादी फेकताना तू काय म्हणालास? एका गादीने काय होतंय. आता पुन्हा काळावर ढकललंस, की तो उद्या बादली घेऊन हजर."

"खरं लिहिलं तर बढती गेली माझी."

"मग तलाव जाऊ दे."

अधिकारी हात धुवायला उठले ते थेट गॅलरीत गेले. शेजारचे काका आपल्या गॅलरीत केळ्याची साल घेऊन, हात उगारून उभे होते. दोघांची नजरानजर झाली. काकांनी साल निमूटपणे खिशात घातली.

आत येऊन अधिकाऱ्यांनी लगेच मजकूर बदलला : 'हा तलाव आम्ही बुजवला.'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो दोनदा वाचला. "आम्ही म्हणजे खातं?"

"नाही साहेब. मी आणि माझे शेजारी."

"मग हरकत नाही," म्हणत साहेबांनी सही केली. "बढतीचं मात्र पुढे बघू."

तर नागरिकहो, काळाला हात नसतात. बादली कोणाच्या हातात होती, हे ज्या शहराला आठवते, त्याचाच तलाव टिकतो!

फलक लागला आहे. कंत्राटदाराने तो पाण्याकडे तोंड करून बसवल्यामुळे वाचायला बोटीत बसावे लागते, आणि बोटी अजून आलेल्या नाहीत.