माझ्या टाकीत पाखरू पडलं तेव्हा

“मी म्हन्तो, भंगारवाल्याले देऊन टाक याले! आजच्या आज!”

“अन् मे महिन्यात झोपाचं कुठी? तुमच्या डोक्यावर?”

हे माझ्याबद्दल चाललंय. मी कूलर बोलतोय, नालवाडीतल्या खुशालच्या घरचा लोखंडी कूलर. ओरडतोय तो खुशाल, उत्तर देतेय ती त्याची बायको रंजिता. आणि जिच्यावरून हे पेटलं ती राणी, त्यांच्या लेकीची, आचलची हिरवी लव्हबर्ड, आजीच्या पदरात अंग फुगवून बसली आहे. घरात काही बिघडलं की दोष माझा. ठीक. आज माझंही ऐका.

मी काही दुकानातून उचलून आणलेला प्लास्टिकचा डबा नाही. सिंदी मेघे गावातल्या एका पत्रेवाल्याने ठोकून ठोकून मला घडवलं. आणलं रूपरावांनी, म्हणजे खुशालच्या वडिलांनी. माणूस शहाणा. आल्या दिवशी माझ्या पायाला वायर बांधून तिचं दुसरं टोक त्यांनी अंगणात खोल गाडलं. “लोखंड अन् पानी, मधात करंट. याले जमीन पाह्यजे,” एवढंच म्हणाले. ते होते तोवर लेकरं माझ्या अंगाला पाय लावून झोपत.

ते गेले. खुशालने नव्या फरश्या बसवल्या. ती वायर आड आली, कापून टाकली. वर म्हणतो कसा, “दिसाले बी बरं दिसत नव्हतं ते.” तेव्हापासून मी झटके देतो.

झटका देतो म्हणजे काय करतो? सांगतो! मला दुसरं तोंड आहे कुठे? पण ऐकतंय कोण. या लोकांनी उपाय काढला, माझ्या पायाशी रबरी चप्पल ठेवली. पाहुणा आला की पाण्याच्या गिलासाआधी सांगायचं, “भाऊ, कूलरले हात नोका लावू, करंट मारते.” आणि हसायचं. जसा काही मी घरचा चावरा कुत्रा! दर उन्हाळ्याला मला निळा रंग देतात, ताट्यांत नवं गवत भरतात, हिवाळ्यात डोक्यावर गोधड्या रचतात. माझ्या वायरी तपासायला मात्र कोणाला फुरसत नाही. पिन तुटली तर उघड्या वायरी बोर्डात आगपेटीच्या काड्यांनी खोचल्या. याला हे लोक जुगाड म्हणतात आणि वर मिरवतात.

आज दुपारची गोष्ट. छपरीला, म्हणजे घराच्या ओसरीला, हिरवी जाळी बांधलेली असते, म्हणून राणीला पिंजऱ्याबाहेर सोडतात. तिला लागेल म्हणून छताचा पंखा बंद ठेवतात, बरं का! माझी पाठ छपरीकडेच. पाणी भरून झालं, पण माझ्या पाठीची गवताची ताटी भिंतीला टेकलेलीच राहिली. उन्हाने कावलेलं पाखरू थेंबांच्या आवाजाला भुललं, आत आलं, ओल्या कडेवरून पाय घसरला आणि टाकीत पडलं.

पंप घरघरतोय. पाखरू पंख आपटतंय, दर वेळी थोडं खाली जातंय. माझ्याच पोटात जीव जातोय आणि मला माझंच चाक थांबवता येत नाही! असा संताप मला जन्मात आला नव्हता.

“बाबा, राणी!” आचल किंचाळली. बाप धावला आणि चप्पल शोधत बसला. एक सापडली पलंगाखाली, दुसरी सापडेना. रंजिता काठी आणायला पळाली. काठीने पाखरू काढणार होती!

तेवढ्यात धुरपताबाई, खुशालची आई, स्वयंपाकघरातून आल्या. हातात लाटणं. त्यांनी आधी लाटण्यानेच बोर्डातल्या वायरी झटकून पाडल्या आणि मग कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. खुशालला वायरी दिसल्या नाहीत, हात तेवढा दिसला.

“आई, नोको! मरशीन!”

राणी बाहेर आली ती चिंधीसारखी. बाईंनी तिचं डोकं खाली धरलं, चोचीतून पाणी गळलं. रंजिता म्हणाली, “टेबलफॅनसमोर धरा ना.”

“हवेनं थंडी भरन तिले, शहाणे!”

ज्या उन्हाला भिऊन सगळे माझ्यापुढे लोळतात, त्याच उन्हात बाई पायरीवर जाऊन बसल्या, तिला पदरात चोळत. मग राणीने एक डोळा उघडला आणि बाईंच्या अंगठ्याला कडकडून चावली.

“चाव, रांडे, चाव,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

इथे थांबायला काय हरकत होती? पण नाही. जीव वाचला की यांना दोषी लागतो.

“ताटी उघडी ठेवली कोनं? आईनंच,” खुशाल म्हणतोय. “वय झालं, ध्यान राह्यत नाई. कूलर भंगारात, अन् हे पाखरू बी उद्या देऊन टाकतो कोनाले.”

“नाई देत मी राणीले!” आचल रडतेय.

अरे, मला भंगारात घाला की गोदामात, पण पाखराने काय केलं? म्हातारीने काय केलं? माझा पाय एकदा जमिनीला बांधून द्या, एवढंच तर इतके उन्हाळे मागतोय!

धुरपताबाई पायरीवरून उठल्या. राणी आचलच्या ओंजळीत दिली. लेकासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

“खुशाल, आज पाखरासाठी हात घातला त आई मरशीन म्हनून वरडला, रोज सकाळी चालू कूलरात गवताचा कचरा काढाले हाच हात जाते, तवा काऊन नाई रे वरडला?”