वॉर्डातली लावलेली खिडकी

नगरच्या त्या दवाखान्यात सिस्टर सकाळी आल्या की आधी बायकांच्या वॉर्डाच्या खिडक्या उघडत. "हवा खेळू द्या. कोंदट हवेत जंतू साचतात," म्हणत. त्यांची पाठ वळली की पंकजा आपल्या कॉटजवळची खिडकी हळूच लावून घ्यायची. थंडी कडाक्याची, आणि वारं लागलं की तिच्या सासूला, केशरबाईला, खोकल्याची उबळ यायची.

केशरबाई पारनेरकडून मोडलेल्या खुब्यासाठी आली होती. पण तिला टीबीही होता. गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या. पंकजानं ते दडवलं. नवरा सुनीलनं बजावलं होतं, "घरात लग्नाची बहीन हाय. कळलं तर सोयरीक मोडंल." गोळ्या ती पदराआडून द्यायची, आणि कुणी विचारलं तर सांगायची, "जुना दमा हाय."

शेजारच्या कॉटवर काष्टीची रोहिणी, अपेंडिक्सच्या ऑपरेशननं गळून गेलेली. तिची आई आक्काबाई पंकजाच्या हातावर भाकरी ठेवायची. "खा पोरी. म्हातारीचं करून वाळलीस."

एकदा सिस्टरनी बंद खिडकी पाहिली. "कोणी लावली?"

"या मावशींनी," पंकजाच्या तोंडून निघून गेलं.

आक्काबाईनं तिच्याकडं नुसतं पाहिलं आणि बोलणी मुकाट खाल्ली.

ऑपरेशनआधी केशरबाईच्या छातीचा फोटो निघाला आणि सगळं उघडं पडलं. तिला वेगळ्या खोलीत हलवलं, वॉर्डातल्या सगळ्यांची तपासणी सुरू झाली.

"आधी सांगितलं असतं तर तेव्हाच वेगळी खोली दिली असती," सिस्टर म्हणाल्या. "हाकलून थोडंच दिलं असतं?" त्या ओरडल्या असत्या तर पंकजाला सोपं गेलं असतं.

ती आक्काबाईपुढं उभी राहिली. "मावशी, खिडकी मी लावायचे... आनि नाव तुमचं..."

"ठावं हाय. म्हातारीला गारठा लागतो म्हनून गप बसले मी," आक्काबाई म्हणाली. "पर तिला टीबी हाय, हे ठावं न्हवतं. माझी लेक हितंच निजत हुती गं."

रोहिणीचा फोटो साफ आला. तरी काही महिने तपासायला यायचंच होतं. मायलेकी घरी निघाल्या तेव्हा पंकजा पिशवी उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," म्हणत आक्काबाईनं पिशवी ओढून घेतली.

पंकजानं सुनीलला फोन लावला. "आता कोनी इचारलं तर मी खरं सांगनार. सोयरीक मोडली तर मोडू दे."

बोलून झालं, पण वॉर्डासमोरून जाताना तिची मान काही वर होईना.