बेसमेंटची किंमत

माझ्या मुलाने मला एकदा रॅकमागे लपवलं होतं. रंगाचे डबे आणि मोडका व्हॅक्युम क्लीनर ठेवायचं लोखंडी रॅक, त्याच्यामागे दार आणि दारामागे मी, वय वर्षं सहासष्ट. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग प्रतापची बाजू घेतात. बिचाऱ्याची अडचण होती, म्हणतात. असेल. त्याच्या अडचणी सांगायला तो समर्थ आहे, मी माझं सांगते.

प्रताप अमेरिकेत, ॲन आर्बरला. त्याची बहीण अहिल्या पुण्याला, दोन खोल्यांत, सासूसासऱ्यांसकट. आमचे हे गेले तेव्हा मी नागपूरला त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिले असते आणि मजेत राहिले असते. वीज मंडळात तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला सोबतीची फार गरज नसते. पण प्रताप आला आणि आठ दिवस माझ्या मागे लागला. आई, फ्लॅट विकून टाक, माझ्याकडे चल. बेसमेंटमध्ये तुझ्यासाठी स्वतंत्र घरच करतो. तुझी खोली, तुझं बाथरूम, छोटा ओटासुद्धा. कायमचं.

कायमचं, हा त्याचा शब्द. मी त्या शब्दावर फ्लॅट विकला आणि आलेले चौदा लाख त्याच्या हातात ठेवले. पावती घेतली नाही. पोटच्या पोराकडून पावती कोण घेतं?

बेसमेंट छान झालं, खोटं कशाला बोलू. दोन खिडक्या जमिनीला लागून, पण सकाळी ऊन यायचं. बाथरूमला निळसर टाइल्स मी निवडल्या होत्या. काम करणारे दोघं रोख पैसे घेऊन जायचे, आणि म्युनिसिपालिटीची परवानगी काढायला प्रतापला वेळ झाला नाही. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी बोलले नसते.

दोन वर्षांत मी तिथली झाले असते, पण तिथली होऊ दिलं नाही. माझी सून सुनेत्रा बोलायला गोड. गोड बोलूनच तिने माझी फोडणी बंद केली. म्हणाली, "आई, प्लीज, खाली फोडणी नका करत जाऊ. हीटिंगच्या डक्टमधून वास थेट आमच्या क्लोजेटमध्ये जातो. ऑफिसमध्ये लोक विचारतात मला." घर गरम ठेवायला भट्टी असते, तिचा पंखा हवा सगळ्या घरात फिरवतो. माझ्या खोलीत ती हवा ओढून घेणारी जाळी होती. म्हणजे मी खाली मोहरी टाकली की वर सुनेत्राच्या कोटाला कळायचं. मी फोडणी सोडली. वरण बिनफोडणीचं, कच्चंच खाऊ लागले. नागपूरच्या बाईने कच्चं वरण खावं, यावरून काय ते समजा.

मग दोन हजार पाच साली त्यांना मोठं घर हवंसं झालं. गावाबाहेर नवी वसाहत होत होती, चार बेडरूम, तीन गाड्यांचं गॅरेज. त्यासाठी जुनं घर विकायचं, आणि विकण्याआधी सरकारी कर्ज फेडायचं. प्रतापने हे घर घेतलं तेव्हा तो विद्यापीठाच्या लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर होता. अशा लोकांना पहिलं घर घ्यायला सरकारने हातभार लावला होता. व्याज नाही, हप्ता नाही. मात्र फेडाल त्या दिवशी घराची जी किंमत निघेल तिचा पाचवा हिस्सा सरकारचा. किंमत ठरवायला लायसन्स असलेलं माणूस घरी येणार, फूटफूट मोजणार आणि रिपोर्ट देणार.

नव्या घरात माझी खोली कुठली, असं मी एकदा सहज विचारलं. सुनेत्रा भांडी लावत राहिली. प्रताप म्हणाला, मी अहिल्याशी बोललोय, तिला तुझी फार आठवण येते. मी समजले. रडले नाही. म्हटलं, ठीक आहे, पण पुण्याला मी तिच्या सासूच्या पायाशी गादी टाकून राहणार नाही, माझे पैसे परत दे, मी नागपूरला लहानसं घर घेईन.

त्यावर माझा मुलगा जे बोलला ते मी शब्दन् शब्द सांगते. "आई, ते पैसे बेसमेंटमध्ये गेले. आणि बेसमेंटला इथे काही किंमत नसते. जमिनीखालचं कोणी मोजतच नाही."

मी विश्वास ठेवला. खरंच ठेवला. अमेरिकेत काय मोजतात आणि काय नाही, मला काय माहीत?

पण व्हॅल्युएशनची तारीख ठरली आणि तो माझ्याकडे आला. म्हणाला, त्या दिवशी तू देवळात जा, आपले देवळातले श्रीरामकाका तुला घेऊन जातील. मी म्हटलं, गुडघा दुखतोय, मी घरीच बरी. तो चुळबुळला. मग त्याने सगळं सांगितलं, अगदी हुशारीचं काम केल्यासारखं. बेसमेंट अर्धंच दाखवायचं, भट्टी आणि वॉशिंग मशीन असलेला सिमेंटचा भाग. माझं दार रॅकने झाकायचं. खिडक्यांना बाहेरून प्लायवूड ठोकायचं. म्हणजे किंमत कमी निघेल, सरकारला कमी द्यावे लागतील आणि परवानगीचा प्रश्नही येणार नाही.

मी विचारलं, "बेसमेंटला किंमत नसते ना? मग लपवतोस कशाला?"

तो म्हणाला, आई, तुला नाही कळायचं ते.

कळलं होतं. अगदी स्वच्छ कळलं होतं. पोराने मला लुबाडलं होतं आणि वर मला अडाणी समजत होता. माझं जन्मभराचं घर त्याने भिंतीत जिरवलं आणि आता त्या भिंतीच नाहीत म्हणत होता. आदल्या दिवशी दुपारी त्याने बाहेरून प्लायवूड ठोकलं. मी आत कॉटवर बसले होते. आधी एक खिडकी गेली, मग दुसरी. खिळे ठोकताना एकदाही त्याने आत बघितलं नाही. तेव्हाच माझं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्रा ऑफिसला गेली. प्रतापने मला केळी दिली, पाण्याची बाटली दिली. म्हणाला, दोन तास फक्त, टीव्ही नको, नळ नको, खोकलीस तर उशीत खोक. मग दार लोटलं आणि रॅक ओढल्याचा आवाज आला. मी आतून कडी घातली नाही. कशाला घालू, बाहेरून रॅकची भिंत झालीच होती.

माझ्याकडे हिरव्या मिरच्या होत्या. भारतीय दुकानातून मागवलेल्या, बारीक, काळपट, चांगल्या जहाल. लसूण सोलून ठेवला होता. दाण्याचा कूट होता. लोखंडी तवा मी नागपूरहून आणला होता आणि दोन वर्षं तो कपाटात पडून होता. मी तवा तापत ठेवला आणि थांबले. घाई करायची नव्हती. मोजणी करणारी बाई घरात येऊ दे, वरचा मजला बघू दे, जिना उतरू दे.

डोक्यावर पावलं वाजली. स्वयंपाकघर, हॉल, बेडरूम. मग जिना. भिंतीपलीकडे प्रतापचा आवाज, त्याचा तो साहेबी मऊ आवाज. हे फक्त स्टोरेज आहे, तो इंग्रजीत म्हणाला. जुनं सामान, बाकी काही नाही.

जुनं सामान. मी मुठीतल्या सगळ्या मिरच्या तव्यावर टाकल्या.

ठेचा ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. कोरड्या तव्यावर मिरची पोळली की पहिला ठसका करणाऱ्याला बसतो. मला बसला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहू लागलं, आणि मी पदर तोंडाला लावून वाट बघत उभी राहिले. जाळीने धूर ओढून घेतला. दाराच्या फटीतूनही गेला असणार, कारण पलीकडे बाई खोकली. मग प्रताप खोकला. मग दोघं एकदम. आणि तेवढ्यात छताचा स्मोक अलार्म ओरडू लागला, त्याच्यापाठोपाठ वरचे सगळे. इतकं बरं वाटलं मला! दोन वर्षांत मी त्या घरात मोठा आवाज केला नव्हता.

बाई विचारत होती, हा धूर कुठून येतोय, भिंतीमागे काय आहे? प्रताप म्हणत होता, काही नाही, शेजाऱ्यांचं बार्बेक्यू असेल. भैताड. बेसमेंटमध्ये शेजाऱ्यांचं बार्बेक्यू! मग मी दारावर थाप मारली, एकदाच, पण जोरात. रंगाचे डबे घरंगळले. रॅक त्या बाईनेच ओढलं असावं, कारण दार उघडलं तेव्हा ती पुढे होती आणि प्रताप मागे, पांढराफटक.

मिसेस नोवाक तिचं नाव. माझ्याहून थोडी लहान, आखूड करडे केस, कमरेला टेप. तिने आधी पळत जाऊन गॅस बंद केला. मग तिने मला पाहिलं, खिडक्यांवरचं प्लायवूड पाहिलं, ढकललेलं रॅक पाहिलं. तिचा चेहरा बदलला. प्रतापला तिने वर जायला सांगितलं. अलार्म बंद करून या, म्हणाली, पण तिच्या सांगण्यात विनंती नव्हती. तो गेला.

मग ती माझ्याजवळ कॉटवर बसली आणि हळू, सोपं इंग्रजी बोलून विचारू लागली. तुम्ही कोण? आई, मी म्हटलं. तुम्ही इथे राहता? दोन वर्षं. हे दार नेहमी असं झाकलेलं असतं का? तुम्हाला बाहेर जाऊ देत नाहीत का? मी पोलिसांना फोन करू का? तिने खिशातून फोन काढलासुद्धा.

मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी माझा मुलगा माझ्या जिभेवर होता. मान डोलावली असती तरी पुरे होतं. पोलीस आले असते, त्याच्या नोकरीचं, नव्या घराचं, साऱ्याचं मातेरं झालं असतं. मला मोह झाला नाही असं कोणी समजू नये. झाला. चांगला झाला. पण पोलीस त्याला धरून नेतील आणि लोक म्हणतील, आईने पोराला आत घातलं. माझे चौदा लाख तरीही भिंतीतच राहतील. मला तो तुरुंगात नको होता. मला त्याच्या तोंडावर त्याचंच खोटं मारायचं होतं.

"नो पोलीस, मॅडम," मी म्हटलं. "माय सन इज फूल, नॉट चोर. यू मेजर. माय रूम, माय मनी. मेजर एव्हरीथिंग."

तिने फोन खिशात ठेवला. मग टेप काढला.

मग मी तिला घर दाखवलं. आपल्याकडे नव्या घरात पाहुणे आले की कपाटसुद्धा उघडून दाखवतात, तसं. टाइल्स दाखवल्या. गरम पाणी सोडून दाखवलं. ओटा, सिंक, भिंतीतली कपाटं, लाकडी जमीन. टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. प्रताप जिन्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला, आणि त्याच्यासमोर एकेक भिंत मोजली गेली. मोजणी झाल्यावर मी पोळलेल्या मिरच्या लसूण-कुटासोबत ठेचल्या आणि निघालेल्या मिसेस नोवाकना चमचाभर ठेचा दिला. तिने चाखला, डोळे पुसले आणि हसली. मला वाटतं, त्या घरात माझ्याकडे बघून मनापासून हसलेली ती पहिलीच.

रिपोर्ट आला तेव्हा प्रताप तो घेऊन खाली आला. खिडक्यांचं प्लायवूड त्याने त्याच दिवशी काढलं होतं. राहण्यायोग्य केलेलं बेसमेंट, असं लिहून बाईंनी त्यापायी पंचवीस हजार डॉलर किंमत वाढवली होती. त्यातले पाच हजार सरकारला जास्तीचे द्यायचे, परवानगीचा दंड वेगळा. मला वाटलं तो आरडाओरडा करेल. माझी तयारी होती. उलट तो कॉटच्या कडेला बसला.

मग म्हणाला, "आई, नवं घर नको. मी सुनेत्राशी बोललोय. इथेच राहू. तूही इथेच राहा, अहिल्याकडे जाऊ नकोस. फोडणी कर, काय हवं ते कर. चुकलं माझं."

हे ऐकायला मी दोन वर्षं कान लावून बसले होते. त्याचे डोळे भरले होते, आणि ते मिरचीने नव्हते. तो मनापासून बोलत होता की मला द्यावे लागतील ते पंचवीस हजार वाचवायला, मला कळलं नाही. आईला कळतं म्हणतात. मला नाही कळलं, आणि मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. माझ्या डोळ्यांपुढे खिळे ठोकणारा त्याचा हात होता.

"पंचवीस हजार," मी म्हटलं. "बाईंनी लिहिलेत तेवढेच. माझ्या नावाने चेक लिही, प्रताप."

तो उठला. मग वर गेला आणि चेकबुक घेऊन आला.

आता मी नागपूरला आहे. आधीच्याहून लहान घर, तिसरा मजला, गुडघ्याला त्रास होतो. फोडणी रोज करते. प्रताप दर रविवारी फोन करतो आणि मी उचलते. कशी आहेस, तो विचारतो. मजेत, मी म्हणते. मग तो थांबतो. मी आणखी काहीतरी बोलावं, ये म्हणावं, माफ केलं म्हणावं, म्हणून तो वाट बघतो, हे मला इथे नीट कळतं. मलाही गलबलतं. मग मी म्हणते, ठेवते रे, गॅसवर तवा आहे.