आम्ही आणि आपण

दोघी जावा, एकाच घरात आणि एकाच शाळेत. थोरली कित्येक वर्षं आठवीला आणि दहावीला भाषा शिकवत होती. धाकटी लग्न होऊन आली आणि वर्षभरात त्याच शाळेत आठवीच्या दुसऱ्या तुकडीला तोच विषय शिकवू लागली. तोवर थोरलीचं बरं चाललं होतं. मग मधल्या सुट्टीत मुलं धाकटीभोवती गोळा व्हायला लागली. घरी सासूबाईही एकदा म्हणाल्या, "हिचं बोलणं ऐकतच राहावंसं वाटतं बाई," आणि थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढ्या वर्षांत तिचं बोलणं ऐकत राहावंसं कुणाला वाटलं नव्हतं.

एके दिवशी मुख्याध्यापिकांनी थोरलीला बोलावलं. "पुढच्या वर्षी दहावीची एक तुकडी तुमच्या जाऊबाईंना द्यावी म्हणते. त्यांचा एखादा तास बसून बघा नि सांगा."

"बघते की," थोरली हसून म्हणाली. जिना उतरताना मात्र तिनं कठडा जरा जास्तच घट्ट धरला.

तास नेमका 'फाटकावरच्या भाषणा'चा निघाला. हे भाषण म्हणजे थोरलीची मिरास. फार वर्षांपूर्वी कापड गिरणीतला संप फुटला होता. निम्मे कामगार कामावर गेले, बाहेरच्यांनी त्यांच्यावर दगड फेकले, गिरणीच्या काचा फुटल्या. संप संपला त्या दिवशी कामगारांची पुढारी फाटकापाशी स्टुलावर चढली आणि दोन्ही बाजूंशी बोलली. मारामारी टळली. थोरलीच्या वडिलांनी ते तिथं उभं राहून ऐकलं होतं आणि पुढं लेकीकडून अख्खं पाठ करून घेतलं होतं.

थोरली शेवटच्या बाकावर जाऊन बसली. धाकटीनं फळ्यावर दोनच शब्द लिहिले. आम्ही. आपण.

"यात फरक काय?"

"आम्ही म्हणजे तुम्हाला सोडून," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "आपण म्हणजे तुम्हाला धरून."

"मग पुढारी बाई कुठं काय म्हणतात ते शोधा बरं."

मुलांनी पुस्तकात डोकी खुपसली. सुरुवातीला होतं, 'आम्ही उपाशी राहिलो, तुम्ही आत गेलात.' मग मध्येच, 'उद्या या फाटकातून आपण आत जाऊ.'

"'माफ केलं' असं त्या कुठंच म्हणत नाहीत," धाकटी म्हणाली. "'एकी करा' असंही नाही. नुसता शब्द बदलला. भाषणाला जे सांगायचंय ते सगळं त्या 'आपण'मध्ये आहे."

थोरलीचा जीव जळला. ती दरवर्षी सांगायची, फाटक हे प्रतीक, भाषण क्षमेचं, लिहून घ्या. पाठ असलेल्या भाषणात तिला हे एकदाही दिसलं नव्हतं, आणि काल आलेल्या हिला दिसलं!

"आणि इथून पुढं 'आम्ही' पुन्हा येतच नाही," धाकटी म्हणाली.

सापडली! थोरली उठली. "येतो."

सगळ्या माना मागं वळल्या.

"पुस्तकात शेवट कापलाय," ती म्हणाली आणि त्यातली दोन वाक्यं तिनं खणखणीत आवाजात म्हणून दाखवली. "'दगड आम्ही मारले. काचा आपण बसवू.' शिकवायला उभं राहण्याआधी मूळ भाषण बघावं माणसानं."

धाकटी कानापर्यंत लाल झाली. थोरलीला अगदी गार गार वाटलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची ती मुलगी ओरडलीच, "म्हणजे चूक सांगताना आम्ही, आणि काम सांगताना आपण! चुकीत समोरच्यांना घेतलंच नाही!"

धाकटीनं त्या मुलीचं वाक्य फळ्यावर लिहिलं. "हे मोठ्या बाईंमुळे कळलं," ती म्हणाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या थोरलीला बोचल्या. पाडायला गेली, ती हिचाच तास रंगवून बसली.

मुख्याध्यापिकांना ती म्हणाली, "एक वर्ष जाऊ द्या. तयारी कमी पडते."

संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटी भांडी पुसत होती. "तुकडी नाही मिळाली मला."

"मीच नको म्हटलं."

"ठाऊक आहे." तिनं ताट आदळलं. "वर्गातही तुम्ही मला पाडायलाच उठला होतात ना, ताई?"

खोटं बोलायला थोरलीचं तोंड उघडलं, पण निघालं ते "हो."

"त्याचा नाही एवढा राग आला. तुम्हाला ते सगळं पाठ आहे, त्याचा आला. मी आठवडाभर पुस्तकात डोळे फोडले आणि तुम्ही एका वाक्यात मला गप्प केलंत. तुमचे वडील तिथं उभे होते. आमच्या घरात कुणी पुस्तक उघडत नव्हतं. तुम्ही वर्गात शिरलात की मुलं सरळ बसतात. माझ्यासमोर नुसती हसतात."

हिला आपला हेवा वाटतो! थोरलीला आधी गुदगुल्या झाल्या, मग त्या गुदगुल्यांचीच लाज वाटली. तिनं दुसरं फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं मुख्याध्यापिकांना तुकडी धाकटीलाच द्यायला सांगितलं. "काल मी नीट सांगितलं नाही," एवढंच कारण दिलं.

आता शेजारच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की थोरलीचा खडू अजूनही क्षणभर थांबतो. भाषणाचा अख्खा शेवट म्हणायला मात्र दरवर्षी ती स्वतः धाकटीच्या आठवीच्या वर्गात जाते. धाकटीनं कितीदा मागितला, पण तो ती लिहून देत नाही.